अर्ज मी पुढे नेलाच नाही

हे सांगायचं मी कित्येक वर्षं टाळलं, बायकोलासुद्धा कधी बोललो नाही. आम्ही मूळचे देवगडकडचे, वडील गिरणीत, मी वाढलो विक्रोळीच्या चाळीत, आणि घाटकोपरच्या एका कॉलेजात क्लार्क म्हणून लागलो तो हेडक्लार्क होऊनच निवृत्त झालो. हजेरीचं काम माझ्याकडे. पंचाहत्तर टक्के भरली नाही तर नाव डिफॉल्टरच्या यादीत, परीक्षेला बसायचं नाही. पण काय सांगू तुम्हाला, फेस्टिव्हलमध्ये नाचणाऱ्यांची हजेरी एका चिठ्ठीवर भरायची, क्रिकेटवाल्यांची भरायची, विद्यार्थी कौन्सिलचा सेक्रेटरी तर वर्गाचं तोंड न बघता पास व्हायचा आणि वर त्याला ऑलराउंडर म्हणायचे. वैताग यायचा, पण त्या चिठ्ठ्या फाइलला लावायचो मीच ना.

टीवायला, म्हणजे शेवटच्या वर्षाला, सुनीता म्हणून एक मुलगी होती, हुशार, आधीची दोन्ही वर्षं फर्स्ट क्लास. आई अंथरुणाला खिळलेली, तिचं सगळं करून, भावाचा डबा भरून ही यायची तोवर दोन लेक्चरं गेलेली. यादी लागायच्या आदल्या दिवशी ती अर्ज घेऊन आली, आईचे डॉक्टरांचे कागद जोडून. मी म्हटलं, अगं, स्वतः आजारी असलीस तर सवलत, आईच्या आजारपणाला नाही. ती म्हणाली, सर, आईला टाकून इथे येऊन नाचले असते तर चाललं असतं ना? मला राग आला, कारण खरं होतं ते. म्हटलं, ठेवून जा, प्रिन्सिपॉलना दाखवतो.

नाही दाखवला. यादी टाइप झाली होती, एका नावासाठी परत सगळ्यांच्या सह्या कोण घेत फिरणार. दुसऱ्या दिवशी तिला सांगितलं, प्रिन्सिपॉल नाही म्हणाले. असे अर्ज ते मंजूर करायचे हो, मला माहीत होतं. ती भांडलीसुद्धा नाही. बरं सर, म्हणाली, आणि तिचं कॉलेज सुटलं ते सुटलंच.

आता मी मुलुंडला मुलीकडे असतो. गेल्या वर्षी रक्त तपासायला लॅबमध्ये गेलो तर काउंटरवर सुनीता, केस पिकलेले. तिनेच ओळखलं. शेजारच्या पोरीला सांगते कशी, हे आमच्या कॉलेजचे सर, माझ्यासाठी प्रिन्सिपॉलशी बोलायला गेले होते.

तेव्हापासून दर महिन्याला जातो. डॉक्टरांनी सहा महिन्यांनी सांगितलंय, मुलगी वैतागते, बाबा, कशाला सारखं टोचून घेता. घरून वाक्य जुळवून निघतो आणि काउंटरपाशी नुसते पैसे भरून पावती घेतो. परवा सुनीताच म्हणाली, सर, सगळं नॉर्मल आहे तुमचं, मग का येता हो?

वय झालं गं, म्हटलं, आणि बाही वर केली.