चौथ्या नंबरची मिरवणूक

हौसराव: ...आन् जेसीबी दोन सांगितलेत. एक कमानीच्या ह्या अंगाला, एक त्या अंगाला. झेंडूची फुलं रातीच येऊन पडलीत. तू जीपमधी उभं ऱ्हायचं आन् हात जोडायचं, बास. बाकीचं पोरं बघत्याल.

सायली: आप्पा, गाडी जरा बाजूला घेता का?

हौसराव: का गं? मळमळतंय व्हय? कस्तुरा, तिला लिंबू दे.

कस्तुराबाई: तिला काय धाड भरली न्हाई. तिला बोलायचंय.

हौसराव: मग बोल की. गाडी चालू असली म्हंजी माझं कान काय बंद व्हत्यात? पारगावच्या पुलावर उसाचं ट्रॅक्टर आडवं आलं तर तिथंच बसाय लागंल. आमदार साहेब न्हावऱ्यात येऊन बसायचं आन् जिचा सत्कार ती ट्रॉलीच्या मागं.

सायली: दौंड स्टेशनवर मोनिकाचा भाऊ दिसला तुम्हाला?

हौसराव: दिसला ना. हातात पेढ्याचा बॉक्स. म्या म्हणलं, काय पाव्हणं, आमाला न्हाई व्हय पेढा? तर खाली मान घालून गेलं बेणं.

सायली: मोनिकानं त्याला डब्याच्या दारातच सांगितलं, म्हणून गेला तो. आप्पा, तिचं-माझं, आमच्या रायफल टीमचं पदक नाही आलं. भारताची टीम चौथी आली. दोह्यातून मी तुम्हाला तीन-चारदा फोन केला, दर वेळी तुम्ही तो कुणाच्या तरी हातात दिलात. एकदा सरपंच, एकदा साहेबांचे पीए, एकदा हेडमास्तर. ते अभिनंदन म्हणतायत आणि मी थँक्यू सर, थँक्यू सर. मी त्यांना काय सांगणार होते?

हौसराव: कस्तुरा, लिंबू दे म्हणलं ना तिला.

सायली: आप्पा!

कस्तुराबाई: मला सांग बाय, झालं कसं ते. सरांनी सांगितलं ते मला काय उमगलं न्हाई.

सायली: सरांनी? आमच्या कोचनी, रोहिदास सरांनी? म्हणजे तुम्हाला माहीत होतं?

हौसराव: बुधवारी फोन आला व्हता त्यांचा.

सायली: बुधवारी! आज रविवार आहे आप्पा. आणि तुम्ही मला जेसीबी मोजून दाखवताय?

हौसराव: तवर समदं होऊन गेलतं गं. मंगळवारी सांच्याला मोबाइलवर बातमी आली, न्हावऱ्याच्या लेकीच्या टीमला तिसरा नंबर. घरापुढं फटाकं लागलं. मी बाहेर यायच्या आधी पोरांनी मला खांद्यावर घेतला. ह्या वयात! खाली उतरवलं तवा एक जण मांडववाल्याशी बोलत व्हता, एक जण फ्लेक्सवाल्याशी. सकाळी फाट्यावर फ्लेक्स. शिरूरच्या स्टँडपाशी एक. तुझ्या हातात त्यानं सिनेमातली बंदूक लावलीया, पर दिसतीया झकास.

कस्तुराबाई: तुमी गप बसा जरा. तू सांग. गोळी गेली कुठं?

सायली: आई, तिथं ओळीनं टारगेट असतात. प्रत्येकावर नंबर. माझा नंबर चोवीस. पालथं झोपून मारायचं, रायफलचा पट्टा दंडाला असा आवळलेला की बोटं बधिर होतात. मधेच घसा सुकला. उठले, पाणी प्यायले, परत झोपले. चटई थोडी सरकली असणार, कोपर तिरकं पडलं असणार, कुणास ठाऊक. नेम लागला. सगळं इतकं जमून आलं होतं ना आई, दिवसभरात तसं जमलं नव्हतं. सोडली गोळी. आणि गोळी कुठं लागली ते दाखवणारा माझा स्क्रीन कोरा.

कस्तुराबाई: म्हंजी लागलीच न्हाई?

सायली: मलाही कळेना. मी हात वर केला. पंचांना वाटलं मशीन बिघडलं, त्यांनी एक गोळी जादा मारायला दिली. ती धरून आमची टीम तिसरी लागली. तीच बातमी तुमच्याकडं आली. मग त्यांनी सगळी टारगेट तपासली. माझी गोळी शेजारच्या टारगेटवर होती. तेविसाव्या. दहा पॉइंट आठ. त्या दिवसातला माझा सगळ्यात भारी शॉट, आणि तो दुसऱ्याच पोरीच्या टारगेटवर! मला त्याचा भोपळा मिळाला.

कस्तुराबाई: त्या पोरीला तरी मिळालं का मग?

सायली: तिलाही नाही. कुणालाच नाही.

कस्तुराबाई: म्हंजी वायाच की गं.

हौसराव: हे असं कुणाचंबी व्हतं. माझा बैल न्हाई का त्या साली दुसऱ्याच्या दावणीला जाऊन हुभा ऱ्हायला.

सायली: आप्पा, टीममध्ये आम्ही तिघी. मी, मोनिका आणि हरियाणाची एक. मोनिकानं त्या दिवशी आयुष्यातला स्कोअर मारला. तिघींचे मार्क एकत्र धरतात. तिचं पदक माझ्यामुळं गेलं. दिल्लीपासून ती समोरच्या बर्थवर होती, एक शब्द बोलली नाही. भुसावळ गेल्यावर एवढंच म्हणाली, "पाणी प्यायला उठायचीच गरज होती का?" बस. मला रडूही येईना. ती चिडली असती, चार शिव्या घातल्या असत्या, तर बरं वाटलं असतं.

कस्तुराबाई: तुझ्या शेजारी बसून जेवली का पर?

सायली: डबा दोघींचा एकच होता. अर्धा ठेवला माझ्यासाठी. बोलली नाही.

कस्तुराबाई: मग हाय अजून काईतरी.

हौसराव: बरं, आता ऐक. झालं ते झालं. कस्तुरा, ते काढ पिशवीतलं.

कस्तुराबाई: तुमीच काढा. मला न्हाई जमायचं.

हौसराव: माझं हात स्टेरिंगवर हायेत. काढ म्हणतो ना.

सायली: काय आहे? हे... हे माझं बालेवाडीचं मेडल आहे. ज्युनियरचं. याला ही रिबन कुणी लावली?

कस्तुराबाई: म्या.

सायली: आई, तू?

कस्तुराबाई: जुनी इटून गेलती. हे म्हणले तिरंगी लाव. म्या न्हाई म्हणलं, दोन दिवस पिशवीत तसंच ठिवलं. मग रातचं ह्येंनीच सुईत दोरा वोवाय घेतला. चष्म्याबिगर. तो काय जाईना. मग लावली म्या.

सायली: आणि हे मी गळ्यात घालायचं?

हौसराव: मिरवणुकीपुरतं गं. फोटोत गळा मोकळा दिसतो. जीप उंच, लोक खाली. त्येच्यावर काय ल्हिलंय ते कोण वाचाय बसलंय?

सायली: मोनिका वाचेल. तिला वाचायचीही गरज नाही, तिच्याकडं हेच मेडल आहे. आम्ही दोघींनी एकाच दिवशी घेतलंय ते. आज दुपारी हा फोटो सगळ्या ग्रुपवर फिरणार, आणि तिला दिसणार की जिच्यामुळं सगळं गेलं ती जीपमध्ये हात जोडून उभी आहे. नाही आप्पा. मला उतरवा. मी चौफुल्याला जाते, तिथून मोनिकाच्या गावाकडं काहीतरी मिळेल. मला मोनिकाच्या घरी सोडलं नाही तरी चालेल, मी चालत जाईन.

हौसराव: चौफुला मागं गेला. पूल आला.

सायली: मग पुलावर उतरवा.

हौसराव: उतरून जाशील कुठं? मान खाली घालून बोलत व्हतीस, बाहेर बघ जरा.

(गाडी पारगावच्या पुलावर थांबते. पुढं उसाची ट्रॉली, उजवीकडं उसाची ट्रॉली, डावीकडं दाराला चिकटून कठडा, खाली भीमा.)

सायली: दार उघडत नाही.

कस्तुराबाई: उगं दार आपटू नगंस. कठड्याला लागतंय.

सायली: मला घुसमटतंय आई. तिथं पट्टा आवळून झोपायचे ना, तेव्हा निदान माहीत असायचं की साठ गोळ्या झाल्या की सुटणार.

हौसराव: तुला काय वाटतं, मला हौस हाय? नावात हाय तेवढीच. मलाबी उतरायचंय गं ह्या गाडीतनं. बुधवारपास्नं रोज वाटतंय. पर म्या उतरलो तर त्या पोरींचं काय? आपल्या पोल्ट्रीच्या शेडमधी येत्यात त्या अकरा जणी. कोंबड्यांच्या वासात पडून मारत्यात. उन्हाळ्यात पत्रा असा तापतो की ताईबाईची नात चक्कर येऊन पडली. साहेब आज स्टेजवरनं सांगणार हायेत, गायरानातली जागा नेमबाजीच्या रेंजसाठी. तोंडानं सांगणार, लोकांपुढं. एकदा बोलले की मागं न्हाई येत ते. पाच वर्सं चपला झिजवल्या म्या त्येच्यासाठी. आन् जिच्या नावानं समदं, तीच आली न्हाई तर? साहेब म्हणत्याल, हौसरावनं मला बोलवून तोंडघशी पाडलं. मग ना जागा ना काय.

सायली: म्हणजे मी खोटं मिरवलं तर त्यांना रेंज.

हौसराव: खोटं कुठाय? तू भारताकडनं खेळलीस का न्हाई? दोह्याला गेलतीस का न्हाई? का ते पण न्हाई?

सायली: गेले होते. खेळले. आणि हरवलं मीच.

कस्तुराबाई: असं म्हणू नगंस.

सायली: का नको? खरंच आहे ते. सगळ्यांनी मला उचलून धरलंय, आणि मला एकदा तरी कुणीतरी म्हणायला पाहिजे की सायली, तुझी चूक झाली. तुझ्यामुळं गेलं. मग मी रडेन, झोपेन, सोमवारी शेडमध्ये जाऊन परत चटई टाकेन. तेवढंच हवंय मला. तुम्ही लोकांनी तर मला हरूच दिलं नाही.

कस्तुराबाई: आवं, मोटारसायकली आल्या बगा समोरनं. झेंडं लावल्यात. आपलीच पोरं.

हौसराव: आली व्हय? मग ट्रॅक्टर सरकवत्याल तीच. सायली, डोळं पूस. काच खाली घे, हात दाखव.

सायली: काच खाली घेणार नाही.

हौसराव: बरं, नको घेऊ. काचंतनंच दाखव.

सायली: आप्पा, मी येते. तुमच्या पोरींसाठी येते. जीपमध्ये उभी राहते. पण हे गळ्यात घालणार नाही, आणि स्टेजवर गेले की माइक घेऊन सगळं सांगणार. जसं झालं तसं. चौथ्या आलो, माझ्या गोळीमुळं.

हौसराव: सांग.

सायली: मी खरंच सांगणार आहे.

हौसराव: सांग की. म्या कुठं अडवतोय? गावाला म्हाईतच हाय.

सायली: काय?

कस्तुराबाई: गुरवारीच कळलं समद्यास्नी. त्या सतीशनं गावाच्या ग्रुपवर टाकलं.

हौसराव: मागल्या पंचायतीला पडला ना आपल्यापुढं, ती आग. चौथा नंबर, तुझं नाव, शून्य, समदं टाकलं त्यानं, इंग्रजीत हाय तसं. लोकांनी त्येच्या खालीबी अंगठं दिलं. हार्दिक अभिनंदन, न्हावऱ्याची वाघीण. सतीश रडकुंडीला आला. काल तोच मांडवाला दोऱ्या बांधीत व्हता.

सायली: आणि साहेब? त्यांना?

हौसराव: त्येंला मीच जाऊन सांगितलं. शिरूरला. म्हणलं, साहेब, पदक न्हाई, आपण कार्यक्रम रद्द करू. बसा म्हणले. चहा सांगितला. म्हणले, हौसराव, तारीख दिलीया, पेपरवाल्यांना सांगितलंय, आता काय रद्द करता. जुनं एखादं असंलच की पोरीचं घरात.

सायली: म्हणजे हे मेडल...

हौसराव: त्येंनीच सांगितलं. मला कुठनं सुचणार?

कस्तुराबाई: ट्रॅक्टर हलला.

सायली: मग हे सगळं कुणासाठी चाललंय, आप्पा? सगळ्यांना माहीत आहे, मग कुणाला दाखवायचं?

हौसराव: ते म्या बी इचारलं एकदोघांस्नी. हसत्यात. म्हणत्यात, आप्पा, डीजेचं पैसं भरलेत.

कस्तुराबाई: इकडं बघ बाय. केस नीट करू दे. घालायचं नसंल तर नगं घालूस. म्या ठिवते पिशवीत.

सायली: आई, तू सांग. मी माइकवर उभं राहून एकूण एक सांगितलं. मोनिकाचं, पाण्याचं, शेजारच्या टारगेटचं. सगळं. तर काय होईल?

कस्तुराबाई: मला न्हाई सांगता यायचं. तुझ्या बापाला इचार.

सायली: आप्पा?

हौसराव: काय व्हायचंय? टाळ्या वाजत्याल.