चिखलाचे टायर

मुलुंडच्या एका सायकलच्या दुकानात मी पंक्चर निघायची वाट बघत बसलो होतो. शेजारी पन्नाशीचं एक जोडपं टायर निवडत होतं.

"नीला, हे बघ ना. याची नक्षी विरळ आहे. चिखल अडकून बसत नाही, चाक फिरलं की झडून जातो."

"गेल्या पावसाळ्यात टेकडीवर तूच पडलास, यज्ञेश. खांदा मोडून बसलास, तेव्हा आंघोळ कोणी घातली?"

"त्या टायरची नक्षी बारीक होती गं. तिच्यात चिखल भरला आणि टायर घसरला."

"मग सरळ हे गुळगुळीतच घे. डांबरी रस्त्याचे. सोसायटी ते तलाव, तलाव ते सोसायटी."

"बरं. गुळगुळीत घेऊ."

"काय म्हणालास?"

"तू म्हणतेस तर गुळगुळीत."

"वाद नाही घालणार?"

"नाही."

"आणि रविवारी सकाळी कुठे जाणार?"

"तलावावर. आणखी कुठे?"

"माझ्याकडे बघून सांग."

"बघतोय ना."

"टायरकडे बघतोयस."

नीला दुकानदाराकडे वळली.

"दादा, ते चिखलाचेच द्या, दोन्ही चाकांना. गुळगुळीत दिलेत, तर हा मला न सांगता त्यांच्यावरच टेकडीवर जाईल."