एकसारखे दोन

दुशान्बेतल्या वाद्यांच्या दुकानात मुनिरा गिटारच्या तारांसाठी रांगेत उभी होती. पुढचे गृहस्थ दुकानदाराकडून माईक घेत होते.

“हमदम अका,” दुकानदार त्यांना दादा म्हणावं तसं म्हणाला, “एवढ्या पैशांत हा एक चांगला येईल. गिटार आणि गाणं, दोन्हींच्या मधोमध ठेवा.”

“मधोमध कुठे ठेवू? गिटार माझी, गळा बायकोचा.”

“मग वहिनींना शेजारी बसवा की!”

“ती मॉस्कोत कामाला आहे. तीन वर्षं झाली. मी वाजवून पाठवणार, ती तिकडे त्यावर गाणार.”

दुकानदार माईक खोक्यात घालू लागला.

“दोन दे. एक तिला पाठवतो.”

“दोन म्हणजे हलके येतील, अका.”

“येऊ देत. पण एकसारखे दे. ऐकताना एकाच खोलीत बसल्यासारखं वाटलं पाहिजे.”

“थांबा. सगळे लावून बघतो, आवाज जुळणारे दोन काढतो.”

“मागे रांग आहे रे.”

“बघा सावकाश,” मुनिरा म्हणाली.