गरम असताना कापलेली शीट

डोळ्यांत थेंब घातल्यामुळे मास्तरीणबाई दवाखान्यातल्या बाकावर डोळे मिटून बसल्या होत्या. शेजारचं जोडपं दबक्या आवाजात बोलत होतं.

"झाकणात बसवायचे प्लॅस्टिकचे तुकडे सैल निघाले ना, ते काकांनी बनवलेल्या डायमुळे, त्या कापायच्या साच्यामुळे नाही. चूक माझी होती."

"म्हणजे?"

"शीट उन्हातून आली होती, चांगलीच गरम होती. निवायची वाट न बघता मी तशीच प्रेसवर कापली. थंड झाल्यावर तुकडे आखडले."

"मग मालकांना काय सांगितलंस?"

"काकांनी डाय लहान बनवली, असं."

"अरे, त्यांनीच तुला काम शिकवलं ना?"

"त्यांनी उलट माझीच माफी मागितली. म्हणाले, डोळे अधू झाले असतील, एकदा दाखवून आण."

तपासणीच्या खोलीचं दार उघडलं.

"नजर ठणठणीत आहे म्हणे. म्हणजे माझा हातच गेला रे. उद्यापासून मी कामावर येत नाही."

"काका, डाय बरोबर होती. मी शीट गरम असताना कापली."

"तुला कधी कळलं?"

"तुकडे सैल निघाले, त्याच संध्याकाळी."

डोळे उघडायची वेळ झाली होती, तरी मास्तरीणबाईंनी ते मिटलेलेच ठेवले.

"पोरी," काका म्हणाले, "मला घरी तू सोड."