कॉनी मावशीचा गुडघा

नाही, मागच्या दाराचं कुलूप पण बदलायचं, आणि गॅरेजातून स्वयंपाकघरात येतं ते पण — फोनवर मी पुढचं एकच म्हटलं होतं का? म्हटलं असेल. हल्ली मी काय बोलते ते माझं मलाच कळत नाही. तुम्ही करा तुमचं काम, मिस्टर पावलिक, मी मधे मधे करत नाही, इथंच जिन्याच्या पायरीवर बसते. कॉफी गार होतेय तुमची. आणि ते गॅरेजच्या दारावर लिहिलेलं — तुम्ही वाचलंत, मला दिसलं खिडकीतून. लाल रंग आहे, घासून जात नाही. केटलिन, माझी लेक, ती शाळेला निघायच्या आत मी त्यावर चादर अडकवली होती, वाऱ्यानं पडली. 'चोर' एवढंच लिहिलंय. आणखी वाईट लिहिता आलं असतं, नाही का? फिलाडेल्फियाचे लोक आहेत, सभ्यपणे लिहिलं म्हणायचं. आधी रस्त्यावर कॅमेरेवाले उभे असायचे, आता तेही गेले — आणि तुम्हाला सांगते, ते गेल्यावर जास्त भीती वाटायला लागली. ते होते तोवर निदान माणसं तरी होती बाहेर.

हो, तेच आम्ही. डेनिस क्विगली माझा नवरा. बास्केटबॉलचा पंच. टीव्हीवर राखाडी शर्ट घालून खेळाडूंच्या कमरेएवढा दिसतो, तो. तुम्ही विचारलं नाहीत ते बरं केलंत, पण न विचारून पण माणूस विचारतच असतो. समोरच्या मिसेस डोहर्टी आता कुत्रा पलीकडच्या बाजूनं फिरवतात. या घरात माझ्याशी कुणी नीट बोलून — जाऊ दे. तुमच्या ड्रिलचा आवाज सुद्धा बरा वाटतोय मला.

पेपरात काय आलं, की त्यानं सामने विकले. असं नसतं हो ते. म्हणजे असतंच, पण लोकांना वाटतं कुणाला तरी जिंकवलं, कुणाला हरवलं. जुगारात जिंकलं कोण याला किंमत नसते, किती फरकानं जिंकलं याला असते. जिंकणारे जिंकतातच, फक्त जरा कमी गुणांनी, जरा जास्त गुणांनी — एखादी शिट्टी इकडे, एखादी तिकडे, कुणाच्या बापाला कळणार नाही. हे डेनिसच मला समजावत होता, जणू काही त्यामुळे पाप हलकं होतं. माझे वडील शाळेत बास्केटबॉल शिकवायचे. मी चालायला लागले ती कोर्टाच्या कडेनं. शिट्टी कधी वाजायला हवी ते मला डोक्यात नाही, पोटात कळतं. त्यामुळे मला कळायला नको होतं ते कळलं.

नाही, आधी कळलं ते वेगळ्याच गोष्टीवरून. रे फाल्कोन म्हणून डेनिसचा मित्र आहे, लहानपणापासूनचा. दोघं एकाच चर्चमध्ये फादरच्या मागे मेणबत्त्या धरून उभे राहायचे, आणि प्रसादाची वाईन चोरून प्यायचे, दोघं मिळून मार खायचे. रे तिकडं स्टेशनजवळ सँडविचचं दुकान चालवतो — तुम्ही खाल्लं असेल, डुकराच्या मांसाचं, वर तिखट पाल्याची भाजी घालून देतो. चालवायचा. तर तो डेनिसला फोन करायचा सामन्याच्या दिवशी, आणि डेनिस विचारायचा, 'काय रे, कॉनी मावशीचा गुडघा कसा आहे?' मी भांडी पुसत असायचे. 'उजवा दुखतोय होय? शेकायला सांग तिला.' मग कधीतरी डावा. मला आधी वाटलं, बघा, माझा नवरा किती मायाळू, मित्राच्या मावशीची इतकी चौकशी. आणि मग एक दिवस ताटली माझ्या हातातच राहिली. कारण कॉनी मावशीला पुरून वर्ष होऊन गेलं होतं, मिस्टर पावलिक. मी स्वतः गेले होते अंत्यविधीला. मोठं भांडं भरून पास्ता करून नेला होता, ते भांडं अजून रेच्या आईकडेच आहे.

मेलेल्या बाईचा गुडघा. उजवा दुखला की शिट्ट्या घरच्या संघाच्या बाजूनं, डावा दुखला की पाहुण्यांच्या. त्या संध्याकाळी मी टीव्ही लावून बसले, मग पुढच्या सामन्याला पण, आणि गुडघा कधीच चुकला नाही.

मी त्याला विचारलं. लगेच नाही, पण विचारलं. तो हसला. म्हणाला, 'नोरीन, ही गंमत आहे, रे आणि मी शाळेपासून पैजा लावतो.' मी म्हटलं, 'गंमत असेल तर मेलेल्या बाईचं नाव कशाला?' तर म्हणाला, 'तुझा बाप मेला तरी तुझ्या अंगातला मास्तर जात नाही.' असं कधी बोलला नव्हता. मग तासाभरानं येऊन माझ्या डोक्यावर हात ठेवून बसला. म्हणाला, सोडतो. आणि खरंच सोडत होता हो, शप्पथ, मला माहितेय त्याचा चेहरा. पण तोवर ते रेच्या हातातही राहिलं नव्हतं. रेच्या वर कुणीतरी होतं, आणि त्यांना गुडघ्याची सवय लागली होती.

डेनिस सामन्यासाठी बाहेरगावी होता तेव्हा तो माणूस इथं आला. भर दुपारी. या दारातूनच, तुम्ही आता जे कुलूप काढलंत ना, ते मीच उघडलं आतून. म्हातारा, उंटाच्या रंगाचा कोट, टोपी हातात. 'मी लू, डेनिसचा स्नेही, जरा पाणी मिळेल का?' पाणी दिलं मी. बसला तिकडं, खिडकीपाशी. घर छान ठेवलंय म्हणाला. माझ्या आईसारखं पडद्यांचं कापड हाताळून बघितलं. मग म्हणाला, 'डेनिस थकल्यासारखा वाटतो हल्ली. त्याला सांगा, या दिवसांत थकून चालत नाही.' आणि उठता उठता — अगदी सहज हो, कुणी पावसापाण्याचं बोलावं तसं — 'तुमच्या मुलीला तो ट्रॉम्बोन जड होत नाही का? बसपर्यंत कशी ओढत नेते बिचारी. कुणीतरी सोबत जायला हवं.'

तो ग्लास मी धुतला नाही, फेकून दिला. डेनिस आल्यावर त्याला सांगितलं, तर तो म्हणतो, 'लू तसा चांगला माणूस आहे गं,' आणि असं म्हणत कपात दूध ओतत होता ते सगळं ओट्यावर. दुसऱ्या दिवशी सामन्याला गेला. मी बघितला तो सामना. पाहुण्या संघात एक नवीन पोरगा होता, उंच, आफ्रिकेतून आलेला, पहिलंच वर्ष. त्यानं काही केलं नव्हतं. हात वर, सरळ, पाय जमिनीला — माझ्या वडलांनी शिकवावं तसा उभा. डेनिसची शिट्टी. थोड्या वेळानं परत. फाउल भरले, बाहेर काढला पोराला. बाकीचे ओरडतात, भांडतात, हा ओरडला नाही. स्वतःचे तळहात बघत बसला बाकावर, की काय केलं होतं या हातांनी. आणि डेनिस — टीव्हीवर एक क्षणच दिसला — घामानं डबडबलेला. तो घाबरलाय हे सगळ्या देशात फक्त मला दिसत होतं. मला त्याचा राग नाही आला तेव्हा. मला वाटलं, हा असाच वाजवत राहणार, जन्मभर, आणि केटलिन जन्मभर बसपर्यंत एकटी चालणार.

मग कुणीतरी कळवलं सरकारला. कोण ते कुणालाच माहीत नाही. पेपरात नुसतं 'खबऱ्या' असंच आहे. डेनिसच्या वकिलालाही माहीत नाही. सगळं बाहेर आलं, डेनिसला कामावरून काढलं, पोलीस घरी येऊन कपाटं उचकून गेले. पण मला ते सगळं चालेल, कारण फोनवरची ती बाई म्हणाली होती की एकदा बाहेर आलं की ते लोक लांब —

तुम्ही ड्रिल का थांबवलंत?

चालू ठेवा ना. चालू ठेवा, मिस्टर पावलिक.

ठीक आहे. तुम्ही काही ऐकलं नाही असं नका दाखवू, तुमच्या चेहऱ्याला ते जमत नाही. हो, मी. माझ्या बहिणीचं केस कापायचं दुकान आहे, तिथल्या फोनवरून केला, शेजारी एक बाई डोक्याला रंग लावून बसली होती, मासिक वाचत. मला वाटलं नुसतं डेनिसचं नाव सांगायचं, तो माझा नवरा आहे, तेवढा हक्क आहे मला. म्हणजे तो थांबेल, त्याला थांबवतील, आणि जबरदस्तीनं थांबवलेल्या माणसाला लू तरी काय करणार? दुसऱ्या कुणाचं नाव घ्यायचं नाही हे मी ठरवून गेले होते. पण ती फोनवरची मुलगी इतकी गोड बोलत होती. म्हणाली, 'तुम्हाला कसं कळलं?' मी गुडघ्याचं सांगितलं. 'अच्छा,' म्हणाली, 'आणि मावशींचं आडनाव काय?' आणि मी सांगितलं. आडनाव विचारल्यावर माणूस सांगतोच हो. तोंडातून गेल्यावर कळलं मला, त्या आडनावावरून ते थेट रेपर्यंत पोचणार.

पण ते पण नाही. त्यानं एवढं झालं नसतं. पोलीस रेला पकडून नेतील, वकील करेल, सुटेल, असं वाटलं होतं. गेल्या आठवड्यात मी धुतलेले कपडे घेऊन गॅरेजच्या बाजूनं येत होते, तिथं डेनिस फोनवर. लूशी. त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. 'मी नाही बोललो, मी कशाला बोलेन?' मग ऐकत राहिला बराच वेळ. मग म्हणाला, 'रे. दुसरं कोण? आपल्याशिवाय कुणाला माहीत होतं? रेच असणार.' टोपली माझ्या कमरेवर होती. दार अर्धं उघडं. मला दोन शब्द बोलायचे होते, मिस्टर पावलिक. 'रे नाही.' बस. मी वर गेले आणि मोज्यांच्या जोड्या लावत बसले.

दुसऱ्या दिवशी रेचं दुकान उघडलं नाही. पाववाला पावाची पोती दारात ठेवून गेला, ती तशीच. रेची गाडी विमानतळाच्या पार्किंगमध्ये सापडली म्हणे. हो, मी कळवलं, त्या मुलीला परत फोन केला, ती म्हणाली आम्ही शोधतोय, तुम्ही कुलपं बदलून घ्या. कुलपं. म्हणून तुम्ही. आणि रेची आई मला रोज फोन करते. केटलिन झाली तेव्हा महिनाभर डबा आणला त्या बाईनं, मला उठू दिलं नाही. ती विचारते, 'पोरी, डेनिसला काही कळलं का गं माझ्या रेचं?' मी म्हणते, 'नाही हो, कळलं की सांगते.' आणि ती मला म्हणते, देव तुझं भलं करो.

तुम्ही काय म्हणालात? हळू बोलता फार — हं. असेल. लपला असेल कुठं तरी, मलाही वाटतं. रेचा एक चुलतभाऊ फ्लोरिडात आहे. रात्रभर हेच घोकते मी, फ्लोरिडा, फ्लोरिडा. आणि लपला असेल तर अजून वेळ आहे. डेनिसनं लूला एक फोन करायचा, की तो नव्हता, माझी चूक झाली. पण त्यासाठी डेनिसला सांगायला हवं. आणि लू विचारणार ना, मग कोण? आणि माझा नवरा, तुम्हाला सांगते, वाईट नाहीये तो, पण त्याला कुणी दोनदा विचारलं की तो सांगून टाकतो. रेचं नाव त्यानं सांगितलं तसं. ज्याच्यासोबत मेणबत्त्या धरल्या, त्याचं नाव दिलं. माझं तर काय, मी फक्त लग्नाची बायको.

म्हणून मी केटलिनला सकाळी बहिणीकडे सोडलं. ट्रॉम्बोनसकट. शाळेत नाही, थेट तिच्याकडे, आणि तिचा नवरा त्यांना गाडीनं आजोळी नेतोय, लांब आहे. तुम्हाला आधी खोटं बोलले, शाळेला गेली म्हणून. सवय लागली हो खोट्याची. आणि कुलपं झाली की मी ठरवणार होते. आज सांगायचं की नाही. किंवा उद्या. मला एवढंच हवं होतं की किल्ल्या आधी माझ्या हातात याव्यात. सगळ्या. त्याची पण. मला माहितेय कसं वाटतं ते ऐकायला. लूच्या भीतीनं कुलपं बदलते म्हणून सांगितलं सगळ्यांना, आणि खरं म्हणजे डेनिसला कळल्यावर तो कसा बघेल, ते मला तो घराच्या आत असताना बघायचं नाहीये —

थांबा.

ही त्याची गाडी. वकिलाकडून इतक्यात यायला नको होता. नाही, बसा, हलू नका. झालंय ना पुढचं? फिरतं नवीन? द्या किल्ल्या इकडं.

जुनी किल्ली घालतोय. ऐकलंत? लागणार नाही ती. परत घालतोय. बोलू नका काही, मिस्टर पावलिक, श्वास सुद्धा — त्याला वाटेल थंडीनं अडकलंय. खांद्यानं रेटतोय बघा. आता हाक मारतोय. लग्नाआधी आमच्या घराखाली उभा राहून मारायचा तशी, नोर, नोर. घाबरलाय हो तो. त्याला वाटतंय, आत माझं काहीतरी झालंय.

तुमचे पैसे ओट्यावर, साखरेच्या डब्याखाली आहेत. हत्यारं उचला आणि मागून जा. राहिलेली दोन दारं राहू देत आज. नाही, माझ्यासाठी थांबायचं काही कारण नाही, तुम्हाला पण घर आहे. जा म्हणते ना. कुंपणाचं फाटक ओढून घ्या जाताना.

आले, डेनिस. उघडते. आधी रेबद्दल ऐकून घे.