आखडलेल्या बोटांची परीक्षा

...आणि वर लेकीच्या ऑफिसातले लोक मलाच बजावतात, ‘काका, दुखण्याची गोळी घेऊन येऊ नका हं, बोटं आखडलेलीच हवीत!’ आता यांना काय म्हणायचं? तुम्हाला सांगतो, चाळीस वर्षं लेथवर लोखंड कापलं तेव्हा कुणी विचारलं नाही, आणि सांधे धरल्यावर मानानं बोलावणं! का? तर आमची लेक दुर्बीण बनवते, ती बसणार पृथ्वीच्या पार टोकाला, बर्फात. तिथे जाडजूड हातमोजे घालून झाकण उघडायचं. म्हणजे माझ्या बोटांनी जी खिट्टी सुटेल, ती तिथे कुणालाही सुटेल. झालो मी परीक्षक! खिट्टी ती काय, आणि तिची परीक्षा ती काय!

बरं, एवढ्या थंडीत कशाला? तर ही बया उजेड बघत नाही, ऊब बघते. ताऱ्यांची! जवळ शेगडी पेटवली की आंधळी. लेक म्हणते, ‘बाबा, माणसाची ऊबसुद्धा खपत नाही तिला.’ म्हटलं, ‘मग तू कशाला जातेस तिथे कडमडायला?’ हसली... आठ महिने विमान नाही, त्यातले सहा काळोखाचे, आणि घरात मी नि चार भिंती. खिट्टी ती काय, तिच्यापायी पोर धाडायची?

मग मी काय केलं... कुणाला बोलू नका. लेकीनं झाकण धरलं, मी खिट्टी फिरवली, सुटत होती हो सुळकन! पण मी दातओठ खाल्ले, कण्हलो, डोळे पांढरे केले. ‘छे बुवा, नाही सुटत!’ दुर्बीण नेणारं वर्षाचं एकुलतं जहाज चुकलं की वर्षभर पोर घरात, एवढंच डोक्यात.

तिनं दुसरी घडवली. ‘नाही सुटत!’ तिसरी. ‘अं हं!’ पोरीचे डोळे जागून लाल. जवळ बसून माझी बोटं चोळायला लागली, ‘बाबा, फार दुखतंय का हो?’ ...काय सांगू, तेवढं मात्र खरंच दुखलं.

चौथी खिट्टी आणली. मी नुसतं कोपर टेकवलं, तर खट्! झाकण आपसूक वर. लेकीचे मोठे साहेब नाचायचेच बाकी! ‘काका, कमाल केलीत! आधी एकानं धरायचं, दुसऱ्यानं फिरवायचं, म्हणून दोघं पाठवत होतो. आता तुमची लेक एकटीच जाईल!’

एकटीच!

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या... आखडलेल्या बोटांनी वाजतात तेवढ्या.