सतरा नंबरचा बाप

...आणि वर मलाच विचारतात, "सर, खुर्ची लहान होत नाही ना?" होते हो! तिसरीतल्या पोरांची खुर्ची, गुडघे हनुवटीला टेकलेले, समोर मुख्याध्यापिका बाई चष्मा पुसतायत, मी घाम पुसतोय... आणि मी कोण? तर मुलांच्या मनाचा डॉक्टर!

तुम्हाला सांगतो, त्या शाळेत ज्या मुलांचं लिहिता-वाचताना अडतं, त्यांच्या वहीतली पानं माझ्याकडे येतात. नाव नाही, नुसता नंबर. का? तर तपासणाऱ्याचं मन आधीच दूषित होऊ नये! नियम कुणाचा? माझाच! तर आलं सतरा नंबरचं पान. अक्षरं उलटी, ओळी घसरलेल्या, खाली घराचं चित्र, आणि त्यात बाबा म्हणजे नुसतं तोंड... उघडलेलं, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत! मी लाल पेनानं झोकात लिहिलं, "मूल हुशार आहे, आळशी मुळीच नाही. वाचनातली अडचण ओरडून जात नसते. बापाला बोलावून चांगलं फैलावर घ्या!"

आणि त्याच संध्याकाळी घरी जाऊन आमच्या पोरीवर खेकसलो, "दोन ओळींना दोन तास? आळशी कुठली!" ही म्हणाली, "अहो, जरा तिची वही बघा ना, काहीतरी अडतंय हो पोरीचं..." मी म्हटलं, "दिवसभर वह्याच बघतो मी!" आणि मी कोण? तर...! जाऊ दे.

परवा शाळेतून फोन. "सर, सतरा नंबरच्या वडिलांना उद्या चारला बोलावलंय. तुम्ही याल?" म्हटलं, येतो म्हणजे काय, बघतोच त्याला! माझीच पोरगी त्या शाळेत, पण डोक्यात येईल तर शपथ! चार वाजले, सव्वाचार झाले, मी आपला घड्याळ बघतोय, "बघा बाई, असले हे बाप! पोरासाठी वेळ नाही!"

बाई हळूच म्हणाल्या, "सर... ते आलेत."

पोटच्या पोरीचं अक्षर ओळखलं नाही हो मी! लाज वाटते सांगायला. मग बाईंनी माझाच शेरा मला वाचून दाखवला, शब्द न् शब्द, आणि 'फैलावर घ्या'पाशी थांबून म्हणाल्या, "हे तेवढं तुमचं तुम्हीच घ्या."

घरी आलो, पोरीशेजारी जाऊन बसलो. तिनं झटकन वहीवर हात आडवा धरला, "लिहितेच आहे बाबा, लिहितेच आहे!" म्हटलं, "बाळा, चुकलो मी. तू आळशी नाहीस. आता नाही ओरडणार."

तिनं पेन्सिल खाली ठेवली. सुट्टीच्या दिवशी दवाखान्यात बाहेरच्या बाकावर बसते ना ती, दारातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक आईला मी काय सांगतो ते सगळं पाठ! माझ्या खांद्यावर थोपटलं आणि अगदी माझ्याच आवाजात म्हणाली, "घाई करायची नाही. हळूहळू फरक पडेल... पण अशा केसेसना वेळ लागतो."